जपानची पाच दिवसांची सहल : बेत कसा आखावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जपानची वर्णने मराठीत पुष्कळ झाली आहेत. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ तर आपल्यापैकी बहुतेकींनी वाचले असेल. तेव्हा प्रवासवर्णन सांगण्याकरिता मी उभी राहिलेली नाही. मी दोनदा क्योतोला जाऊन आले, दोन्ही वेळा पाने लाल होण्याच्या दिवसांत, आणि दोन्ही वेळा माझ्याजवळ दिवस मोजकेच होते. म्हणून चिटणीसबाईंनी मला बजावले आहे की, बेत कसा आखावा एवढेच बोला. तेवढेच बोलणार आहे.

आपल्या काही भगिनींच्या मनात दिवाळीनंतर जपानला जावे असे आहे. पण दिवस पाचच. कोणाला रजा तेवढीच, कोणाकडे शाळेत जाणारी नातवंडे, कोणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांतल्या एकीने मला विचारले, “पाच दिवसांत जपान काय बघून होणार? त्यापेक्षा न गेलेले बरे नाही का?” या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, पाच दिवसांत जपान होत नाही हे खरे, पण पाच दिवसांत एक शहर चांगले होते. अट एवढीच की उरलेले जपान आपण खुशीने सोडून दिले पाहिजे.

आपण बायका आजवर फिरलो नाही असे नाही. पण ते बहुधा कोणाच्या तरी निमित्ताने. कोणाचे लग्न, कोणाचे बाळंतपण, फार झाले तर काशीयात्रा. कोठे उतरायचे, किती दिवस राहायचे, काय पाहायचे हे दुसऱ्यांनी ठरवायचे आणि डबे भरण्याचे काम आपल्याकडे. स्वतःचा बेत स्वतः आखणे ही आपल्याला नवी विद्या आहे, आणि ती शिकायला छोटी सहलच बरी. जपानकडून आपण पूर्वीही शिकलो आहोत. जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली तोक्योत स्त्रियांचे विद्यापीठ काढले. त्याची माहिती देणारी पुस्तिका अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती पडली, आणि त्यातून १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ उभे राहिले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. एक पुस्तिका कोठल्या कोठे पोचते पाहा! असो.

आता बेताकडे वळू. पहिला प्रश्न, कधी जावे?

जपान हा उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला देश. त्यामुळे सगळीकडची पाने एकदम लाल होत नाहीत. उत्तरेकडे होक्काइदो बेटाच्या उंच डोंगरांवर सप्टेंबरातच रंग चढू लागतो. तेथून तो डोंगरावरून सखल भागाकडे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत येतो. क्योतो आणि तोक्यो या शहरांत तो येतो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि टिकतो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, म्हणून कोणी नवरात्र आटोपताच ऑक्टोबरची तिकिटे काढील, तर क्योतोत हिरवीगार झाडे पाहून परत येईल.

पाने लाल का होतात हे थोडे समजून घेतले की तारीख ठरविणे सोपे जाते. थंडी पडू लागली की पानातले हिरवे द्रव्य विरते. जिंको नावाच्या झाडाच्या पानात पिवळा रंग मुळातच असतो, तो उघडा पडतो. मेपलच्या पानात मात्र साखरेपासून नवे तांबडे द्रव्य तयार होते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री चांगली थंडी मिळाली तर हा तांबडा रंग खुलतो. रात्री उबदार राहिल्या तर तो लांबतो. जपानच्या हवामानखात्याने १९५३ पासून ठेवलेल्या नोंदी पाहिल्या तर मेपल लाल होण्याची तारीख तेव्हापासून दोन आठवड्यांहूनही अधिक पुढे सरकली आहे. तेव्हा जुन्या पुस्तकांतल्या तारखांवर विसंबू नये.

म्हणजे हा मुहूर्त पंचांगात सापडणारा नाही. पानांचे अंदाज तेथे शरदाच्या आरंभापासून प्रसिद्ध होऊ लागतात. पण तोवर थांबले तर राहण्याची जागा मिळत नाही. क्योतोत वर्षातली सर्वांत मोठी गर्दी वसंतात चेरी फुलते तेव्हा आणि या दिवसांत. खोल्या कित्येक महिने आधी धराव्या लागतात आणि भाडीही चढलेली असतात. माझा सल्ला असा की, १८ ते ३० नोव्हेंबर यांमधले दिवस धरावे. त्यातही सोमवारी पोचावे आणि शुक्रवारी निघावे, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी चुकते. २३ नोव्हेंबरला तेथे श्रमाबद्दल कृतज्ञतेची राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी सारे ओसाका क्योतोला लोटते; तो दिवस टाळता आला तर टाळावा. क्योतोत जागा फारच महाग पडली तर ओसाकात उतरावे. वेगाची लोकलगाडी अर्ध्या तासात क्योतोला पोचविते.

आणि पाने आधीच गळली किंवा अजून हिरवी असली तर? त्याचीही तजवीज बेतात असावी. रंग उशिरा आला असेल तर शहराच्या वायव्येला ताकाओच्या डोंगरात जावे. तेथे तो आधी चढतो. रंग उतरणीला लागला असेल तर शिमोगामो देवस्थानाच्या जुन्या वनात जावे. ते शहरात सर्वांत शेवटी लाल होणाऱ्या जागांपैकी आहे. एवढे माहीत असले की रुसलेल्या पानांमुळे सहल वाया जात नाही.

दुसरा प्रश्न, कोठे जावे? तोक्यो, क्योतो, हिरोशिमा, फुजी पर्वत, सारे एका दमात दाखविणारे बेत छापील मिळतात. कागदावर ते फार छान दिसतात. पण प्रत्येक शहर बदलताना सामान बांधणे, स्टेशन गाठणे, नवी खोली शोधणे यात अर्धा दिवस जातो. पाच दिवसांत तीन शहरे केली तर एक पूर्ण दिवस गाठोडी उचलण्यातच गेला. मी क्योतो का निवडते ते सांगते. ७९४ पासून १८६८ पर्यंत, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ, ती जपानची राजधानी होती. देवळे, बागा, राजवाडे आणि मेपलची झाडे एकमेकांच्या अंगणात आहेत. शहर तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले, तळ मात्र सपाट. आमच्यासारख्या गुडघे धरून चालणाऱ्यांना ही सपाटी मोठी मोलाची.

विमानाने ओसाकाजवळच्या कान्साइ विमानतळावर उतरावे. आपल्याकडून जाताना बहुधा वाटेत एकदा विमान बदलावे लागते. तेथून थेट गाडीने सव्वा तासाच्या आसपास क्योतो येते. तोक्योला उतरले तर शिंकान्सेन ही वेगाची आगगाडी सव्वादोन तासांत क्योतोला नेते खरी. पण विमानतळापासूनचा वेळ धरला तर दोन्ही बाजूंचे अर्धे अर्धे दिवस गेले, शिवाय जाऊनयेऊन सुमारे २८,००० येन. सात दिवसांचा जो रेल्वेपास परदेशी प्रवाशांना मिळतो, त्याची किंमत २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर नेली गेली. एकाच शहरात राहणारीला तो घेण्याचे काहीच कारण नाही. इकोका नावाचे कार्ड घ्यावे, त्यात पैसे भरावे आणि गाडीत, बसमध्ये, दुकानात तेच टेकवावे. एक येन म्हणजे आपला अर्ध्या रुपयाहून थोडा अधिक, एवढे मनात धरले की हिशेब जमतो. आणखी एक हिशेब पक्का ध्यानात ठेवा. क्योतोत पाच दिवस हवे असतील तर घरातून सात दिवस निघाले पाहिजे. रजेचा अर्ज पाचाचा टाकला तर हाती तीनच लागतील.

आता माझ्या सांगण्यातला मुख्य मुद्दा. अशा सहलीत सर्वांत तुटपुंजी वस्तू कोणती? पैसा असे आपण म्हणू. पण तसे नाही. सर्वांत तुटपुंजा असतो उजेड. नोव्हेंबरच्या अखेरीस क्योतोत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पाचला दहा मिनिटे कमी असतानाच मावळतो. मुंबईत त्याच दिवशी सहापर्यंत ऊन असते. देवळांचे दरवाजे बहुतेक चार ते पाचच्या दरम्यान बंद होतात आणि आत सोडणे त्याआधी अर्धा तास थांबते. म्हणजे दिवसाचे भांडवल दहा तासांचे, आणि पाने पाहण्याचा खरा वेळ त्याहून कमी. त्यातून तेथले घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. तेथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपले शरीर पहाटेचे साडेतीन समजून झोपलेले असते. म्हणून पहिल्या दिवशी पोचल्यावर काही पाहू नये. गरम पाण्याने अंघोळ करावी, दोन घास खावे आणि लवकर पडावे.

उजेड पुरवून वापरण्याचा माझा नियम साधा आहे : एका दिवसाला एकच दिशा. आपण मंडईत जातो तेव्हा भाजीसाठी एकदा, फुलांसाठी पुन्हा एकदा अशा खेपा घालीत नाही. एका फेरीत वाटेवरचे सारे घेतो. तसेच येथेही करावे.

दुसऱ्या दिवशी दक्षिण दिशा. क्योतो स्टेशनाहून नारा मार्गावरचे पहिलेच स्टेशन तोफुकुजी. तेथले मंदिर १२३६ मध्ये स्थापन झाले. एका घळीवर लाकडी झाकलेला पूल आहे आणि त्याखाली मेपलचे रान. पुलावरून खाली पाहिले की कोणी कुंकवाची परात पालथी केली आहे असे वाटते. येथे गर्दी फार. म्हणून दार उघडण्यापूर्वीच जाऊन उभे राहावे. पुढचे स्टेशन इनारी. तेथे डोंगरावर शेंदरी रंगाच्या हजारो कमानींची वाट आहे. ही जागा रात्रंदिवस उघडी आणि प्रवेश फुकट. वरपर्यंत चढण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या दाट रांगांतून जाऊन परतावे. दुपारी सान्जुसान्गेन्दो. सुमारे १२० मीटर लांबीच्या एका लाकडी दालनात अवलोकितेश्वराच्या, म्हणजे तेथल्या कान्नोनच्या, १००१ मूर्ती. पुढे अठ्ठावीस रक्षक देवता उभ्या आहेत. त्यांची नावे वाचताना माहेरची माणसे भेटल्यासारखे होते. आपला गरुड तेथे ‘कारुरा’ झाला आहे आणि चक्क बासरी वाजवितो. ब्रह्मदेव ‘बोन्तेन’ आणि इंद्र ‘ताइशाकुतेन’. येथे पानांचा काही संबंध नाही. पाऊस लागला तरी ही दुपार फुकट जात नाही.

तिसऱ्या दिवशी पूर्व दिशा. भुयारी गाडीने केआगे स्टेशनला उतरावे आणि दहा मिनिटे चालत नान्झेन्जी मंदिरात जावे. मंदिराच्या आवारातून विटांच्या कमानींवरून पाण्याचा पाट गेलेला दिसेल. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतोची रया गेली. तेव्हा शहर वाचविण्याकरिता बिवा सरोवराचे पाणी डोंगर फोडून आणले गेले. साकुरो तानाबे नावाचा, नुकताच पदवी घेतलेला तरुण इंजिनियर त्या कामावर नेमला होता. १८९० मध्ये कालवा पुरा झाला, १८९१ मध्ये त्याच पाण्यावर वीज निघू लागली आणि १८९५ मध्ये त्या विजेवर ट्राम धावली.

तेथून जवळच एइकान्दो. क्योतोतली मेपलची ही फार नावाजलेली जागा. पण मी तुम्हांला तेथे पाठविते ते मूर्तीसाठी. ही अमिताभ बुद्धाची लहानशी मूर्ती मान वळवून मागे पाहते आहे. आख्यायिका अशी की, १०८२ मध्ये एक भिक्षू पहाटे नामस्मरण करीत प्रदक्षिणा घालीत होता. बुद्ध चौथऱ्यावरून उतरला आणि त्याच्या पुढे चालू लागला. भिक्षू आश्चर्याने जागीच थबकला. तेव्हा बुद्धाने मागे वळून, तू मागे राहिलास, चल, अशा अर्थाचे काही म्हटले. आपल्याकडच्या साक्षीगोपाळाच्या कथेत देव भक्ताच्या मागून चालतो आणि भक्ताने वळून पाहायचे नसते. येथे देव पुढे चालतो आणि तोच वळून पाहतो. मागे राहिलेल्या माणसासाठी थांबणारा देव पाहून, आमच्यातली सर्वांत सावकाश चालणारी मी, फार वेळ तेथे उभी राहिले.

एइकान्दोहून निघणारी ओढ्याकाठची वाट, जिला तत्त्वज्ञाची वाट म्हणतात, सुमारे दोन किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट आहे. पाय साथ देत असतील तर तिने गिन्काकुजीपर्यंत जावे, नाही तर अर्ध्या वाटेवर चहा घेऊन परतावे. या दिवसांत काही देवळे रात्री दिवे लावून निराळ्या तिकिटावर उघडतात. एइकान्दो आणि कियोमिझु ही त्यांत येतात. पाचांपैकी एकच रात्र यासाठी ठेवावी. रोज रात्री फिरले तर सकाळचा उजेड गमावतो. कियोमिझुचा १६३३ मध्ये बांधलेला, १३ मीटर उंचीचा लाकडी सज्जा प्रसिद्ध आहे. मात्र त्याची चढण सरळ आहे हे आधी सांगून ठेवते.

चौथ्या दिवशी नारा. पाऊण तासाची गाडी. तोदाइजी मंदिरातील महाबुद्ध सुमारे १५ मीटर उंच, काशाचा. त्याचा नेत्रोन्मीलनाचा विधी ७५२ मध्ये झाला आणि तो केला बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने, जो ७३६ मध्ये जपानला पोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या मंडळींनी त्या हाती धरल्या होत्या, म्हणजे डोळे रेखण्याचे पुण्य साऱ्यांना लाभावे. बाहेर बागेत हरणे मोकळी हिंडतात आणि खाऊसाठी मान लववितात. पिशवीतली कागदपत्रे मात्र सांभाळावी. हरीण तीही खाते.

पाचव्या दिवशी निघायचे. सकाळचे दोन-तीन तास मिळतात. ते वनस्पतिउद्यानात घालवावे. हे उद्यान १९२४ मध्ये सुरू झाले. भुयारी गाडीच्या स्टेशनाला लागूनच आहे, सपाट आहे आणि तेथे बसायला बाके आहेत. तुमची तारीख २१ असेल तर मात्र तोजी मंदिराच्या आवारात जावे. दर महिन्याच्या २१ तारखेला तेथे मोठा बाजार भरतो. जुनी रेशमी वस्त्रे, भांडी, लोणची, रोपे, सारे काही. मंदिराचा पाच मजली लाकडी मनोरा सुमारे ५५ मीटरचा. त्या देशातला तो सर्वांत उंच.

पाहा, यात सुवर्णमंदिर किन्काकुजी नाही, आराशियामाचे बांबूवन नाही, फुजी नाही. परत आल्यावर कोणी तरी विचारणारच, “फुजी नाही पाहिलात?” नाही पाहिला, असे हसत सांगावे. राहिलेले आठवून हळहळत बसले तर पाहिलेलेही हातचे जाते.

आता खाण्याचे. शाकाहारी भगिनींनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तेथे साधे भाजीचे सार दिसले तरी ते बहुधा ‘दाशी’ नावाच्या पाण्यात केलेले असते आणि त्यात वाळविलेला मासा असतो. “मांस नको” म्हटल्याने तो टळत नाही. म्हणून मांस, मासे आणि माशाचे पाणी चालत नाही, एवढे जपानी लिपीत लिहून घेतलेला कागद पिशवीत ठेवावा. मंदिरांच्या परंपरेतले ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण मात्र संपूर्ण निरामिष, आणि त्यात कांदालसूणही नसते. चातुर्मास पाळणारीनेही निःशंक जेवावे. हे जेवण आधी सांगून ठेवावे लागते आणि स्वस्तही नसते. एक दुपार त्यासाठी राखावी. दुकानांत भाताचे त्रिकोणी मुटके मिळतात; खारविलेल्या आलुबुखारासारख्या आंबट फळाचे ‘उमे’ बहुधा चालते. रस्त्यात भाजलेली रताळी मिळतात, तांबूस पर्सिमोन फळे मिळतात. आणि ‘यात्सुहाशी’ नावाची मिठाई चुकवू नये. तांदळाच्या पिठीच्या उकडीची, दालचिनीच्या वासाची पारी आणि आत लाल कडधान्याचे गोड पुरण. आपल्या मोदकाची दूरची चुलतबहीणच ती! बरोबर दशम्या, मेतकूट, कोरडी चटणी खुशाल न्यावी. ताजी फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नावाचे औषध असते आणि त्यावर तेथे निर्बंध आहे. तेव्हा औषधांच्या चिठ्ठ्या जवळ ठेवाव्या आणि गोळ्या डॉक्टरांना दाखवूनच बांधाव्या. आपल्याला व्हिसा लागतो. त्याची व्यवस्था आधी करावी.

थंडी दिवसा १५ अंशांच्या आसपास, पहाटे ६-७ अंश. एक जाड कोट नेण्याऐवजी एकावर एक घालण्याजोगे तीन पातळ कपडे न्यावे. पादत्राण असे असावे की वाकल्याशिवाय निघेल. कारण देवळात, जुन्या घरात, कित्येक भोजनगृहांत ते काढावेच लागते. आणि मोजे भोक नसलेले असावेत!

वागण्याच्या रीतीविषयी एकच सांगते. क्योतोत सकाळी घरापुढचा रस्ता झाडण्याची रीत आहे. बाई आपल्या दारापुढचे झाडते आणि शेजारणीच्या हद्दीतले थोडेसेच. अगदी हद्दीवर थांबली तर माणूसघाणी ठरेल. सारे झाडून टाकले तर तुमच्याने होत नाही असा टोमणा मारल्यासारखे होईल. आपल्याकडच्या सडारांगोळीत वाढलेल्या बाईला हे लगेच कळते. पाहुणीनेही तेच माप पाळावे. गिओन भागातल्या काही खाजगी गल्ल्यांत २०२४ पासून पाहुण्यांना मज्जाव आहे, कारण फोटोसाठी लोकांनी तेथल्या स्त्रियांना फार त्रास दिला. फांद्या वाकवू नयेत, पाने तोडू नयेत. खाली पडलेली वाटेल तितकी असतात. मेपलची छोटी पाने पाहून तेथे लहान मुलांच्या तळव्यांची उपमा देतात. एक उचलून वहीत ठेवावे.

भगिनींनो, आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. तारीख, तिकीट, खोली हे सारे जमते. अडते ते घरापाशी. सात दिवस सासूबाईंना औषध कोण देईल, नातवाला शाळेतून कोण आणील, हा प्रश्न सुटला नाही तर वर सांगितलेला एक शब्दही उपयोगाचा नाही. तो प्रश्न एकटीने सोडवायचा म्हटले की बाई मनातल्या मनात बेत मोडून टाकते आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. या वर्षी ज्या जातील त्यांच्या घरच्या पाळ्या न जाणाऱ्यांनी वाटून घ्याव्या. पुढच्या वर्षी उलट करावे. सात दिवस, चार घरे, रोज दोन तास, एवढे काम पंधराजणींत वाटले तर कोणावर भार पडणार नाही. घरातल्या पुरुषमंडळींनाही यादी करून द्यावी. ती ती पार पाडतात असा माझा अनुभव आहे. काम वाटलेले असले की घरी “जाऊ का?” असे विचारावे लागत नाही, “अमुक तारखेला जाते आहे, व्यवस्था अशी आहे” असे सांगता येते. तोफुकुजीच्या पुलावर उभे राहून घरच्या औषधाच्या वेळा मोजीत बसायचे नसेल तर हे आधी झाले पाहिजे.

चहानंतर मी कोपऱ्यातल्या टेबलाशी वही घेऊन बसणार आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी एका पानावर नावे घालावी, ज्यांना पाळी घ्यायची आहे त्यांनी दुसऱ्या पानावर. दुसरे पान आधी भरावे अशी माझी विनंती आहे.